अमेरिकेत फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) करायचे असेल तर पदवीला मेजर (मुख्य विषय) कोणता घ्यावा आणि कोणते विषय आधी पूर्ण करावेत?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी दांपत्याने विचारले आहे की, त्यांची मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात आहे, तिला फार्मासिस्ट व्हायचे आहे, तर तिने कॉलेजात बायॉलॉजी घ्यावे, केमिस्ट्री घ्यावे, की हायस्कूलनंतर थेट प्रवेश देणारा सहा वर्षांचा अभ्यासक्रम निवडावा? नाशिकला बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या त्यांच्या भाचीलाही पुढे अमेरिकेत यायचे आहे, तेव्हा तिच्याबद्दलही त्यांनी विचारले आहे. मी अमेरिकेतील एका रुग्णालयात बरीच वर्षे क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणून काम करते, फार्मसीचे विद्यार्थी माझ्याकडे रोटेशनला (प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला) येतात आणि प्रवेशाच्या मुलाखती घेण्याचे कामही मी केले आहे. त्या आधारावर हे उत्तर देत आहे.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण भारतातून आलेल्या पालकांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. भारतात बारावीनंतर बी.फार्म. केले की फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होते. अमेरिकेत बॅचलर पातळीवरची अशी पदवी आता उरलेली नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत जुनी बी.एस. फार्मसी बंद होत गेली आणि परवान्याच्या परीक्षेला बसण्यासाठी फार्म.डी. हीच एकमेव पदवी राहिली. फार्म.डी.चा अभ्यासक्रम साधारणपणे चार वर्षांचा असतो आणि त्याआधी किमान दोन वर्षांचे कॉलेजचे शिक्षण लागते. या दोन वर्षांत ठरावीक विषय पूर्ण करायचे असतात आणि त्यांनाच प्रीरिक्विझिट म्हणतात. बहुतेक फार्मसी कॉलेजांना पूर्ण झालेली बॅचलर पदवी लागत नाही, पण प्रीरिक्विझिट सर्वांनाच लागतात. मेजर अमुकच असावा अशी अट सहसा नसते.

म्हणून माझे उत्तर असे आहे की, मेजर आणि प्रीरिक्विझिट हे दोन वेगळे निर्णय समजावेत. फार्मसीत प्रवेश प्रीरिक्विझिटवर मिळतो. मेजर निवडताना मात्र, काही कारणाने फार्मसीला गेलो नाही तर ही पदवी घेऊन आपण कुठे उभे असू, हा विचार करावा. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी मन बदलणे अगदी स्वाभाविक आहे. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे पहिले सेमिस्टर संपेपर्यंत निम्म्या मुलांच्या डोक्यात दुसरा विचार येऊन गेलेला असतो, आणि त्या वेळी हातात असलेला मेजर आवडीचा असेल तर मूल सावरते.

आता बायॉलॉजी की केमिस्ट्री, याकडे येऊ. बायॉलॉजीचा मोठा फायदा असा की मेजरचे विषय आणि प्रीरिक्विझिट बऱ्याच अंशी एकच असतात, त्यामुळे जादा क्रेडिट (विषयाच्या तासांनुसार मोजली जाणारी एकके) कमी लागतात आणि वेळापत्रक सहज जुळते. बहुतेक विद्यार्थी तो याच कारणाने घेतात आणि त्यात काही चूक नाही. अडचण एवढीच की निव्वळ बायॉलॉजीच्या बॅचलर पदवीवर मिळणाऱ्या नोकऱ्या मर्यादित असतात, त्यामुळे फार्मसीचा बेत फसला तर पुढे आणखी शिकावे लागते. केमिस्ट्री किंवा बायोकेमिस्ट्री घेतल्यास औषधकंपन्यांच्या प्रयोगशाळा, गुणवत्ता नियंत्रण, विश्लेषण अशा वाटा थेट पदवीनंतरही खुल्या राहतात, आणि फार्म.डी.तील मेडिसिनल केमिस्ट्री अशा मुलांना तुलनेने सोपी जाते. पण या मेजरमध्ये फिजिकल केमिस्ट्रीसारखे विषय येतात. ते फार्मसीसाठी लागत नाहीत, मात्र जी.पी.ए. (सर्व विषयांच्या ग्रेडची सरासरी) खाली ओढू शकतात. मुलीला केमिस्ट्री मनापासून आवडत असेल तरच तिने तो मार्ग धरावा. ‘फार्मसीला उपयोगी पडेल’ एवढ्याच हिशेबाने केमिस्ट्री घेतलेल्या मुलांची तिसऱ्या वर्षी दमछाक होताना मी पाहिली आहे.

या दोन्हींपलीकडचे मेजरही विचारात घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. अर्थशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र यांपैकी एखादा मेजर घेऊन सोबत प्रीरिक्विझिट पूर्ण करणारी मुले कमी असतात, पण त्यांना पुढे चांगल्या जागा मिळतात. विमा कंपन्यांची औषध-सूची ठरवणे, औषधाच्या खर्चाची आणि परिणामाची सांगड घालणे, रुग्णालयाची संगणकीय औषधप्रणाली सांभाळणे, या कामांना दोन्हीकडचे ज्ञान असलेली माणसे लागतात. अर्थात यात जवळजवळ सगळे विज्ञान विषय मेजरच्या बाहेर पडतात, म्हणून एकूण क्रेडिट वाढतात आणि उन्हाळी सत्रे वापरावी लागतात. ही तयारी असेल तरच हा मार्ग घ्यावा.

‘फार्मास्युटिकल सायन्सेस’ नावाच्या बॅचलर पदवीबद्दल इथे सांगून ठेवते. ओहायो स्टेट, बफेलो आणि यू.सी. अर्व्हाइन इथे असा मेजर आहे. शिक्षण उत्तम असते, विषयही फार्म.डी.च्या जवळचे असतात, पण ही पदवी घेऊन फार्मासिस्टचा परवाना मिळत नाही. नावावरून आपल्याकडच्या बी.फार्म.सारखीच ही पदवी असेल असे समजून कोणी प्रवेश घेऊ नये.

प्रीरिक्विझिटच्या बाबतीत जास्त काळजी लागते. प्रत्येक कॉलेजची यादी वेगळी असते, तरी गाभा सारखाच असतो: जनरल केमिस्ट्रीची दोन सेमिस्टर, ऑरगॅनिक केमिस्ट्रीची दोन सेमिस्टर, जनरल बायॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, मानवी शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र, आणि यांतल्या बहुतेकांची प्रयोगशाळा. याशिवाय कॅल्क्युलस, संख्याशास्त्र, इंग्रजी लेखन, भाषणकला, अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्रासारखे एखाद-दोन सामाजिक विषय. फिजिक्स आणि बायोकेमिस्ट्री काही कॉलेजांना लागतात, काहींना लागत नाहीत. एकूण बेरीज बहुधा साठ ते सत्तरच्या आसपास सेमिस्टर क्रेडिटची होते.

या यादीत बाकीचे विषय पुढे-मागे करता येतात, केमिस्ट्रीची साखळी मात्र हलवता येत नाही. जनरल केमिस्ट्री एक झाल्याशिवाय दोन घेता येत नाही, दोन झाल्याशिवाय ऑरगॅनिकला बसता येत नाही, ऑरगॅनिक पूर्ण झाल्याशिवाय बायोकेमिस्ट्री मिळत नाही. ही एकामागून एक पाच सेमिस्टर झाली. म्हणजे दोन वर्षांत अर्ज करण्याजोगे व्हायचे असेल तर जनरल केमिस्ट्री पहिल्याच सेमिस्टरला सुरू झाली पाहिजे, आणि ज्या कॉलेजांना बायोकेमिस्ट्रीही हवी आहे त्यांच्यासाठी ती उन्हाळ्यात किंवा तिसऱ्या वर्षी घ्यावी लागते. गणिताची चाचणी हा इथला दुर्लक्षित अडसर आहे. कॉलेजात दाखल होताना गणिताची पातळी ठरवणारी परीक्षा होते. त्यात मूल खालच्या पातळीला गेले तर अनेक ठिकाणी जनरल केमिस्ट्रीला बसू देत नाहीत, आणि तिथेच एक सेमिस्टर मागे पडते. आपल्या मुलीने या उन्हाळ्यात एकच गोष्ट करायची असेल तर ती या चाचणीची तयारी करावी.

दुसरा अडसर विषयाच्या नावात असतो. कॉलेजच्या विषयसूचीत केमिस्ट्रीचे दोन-तीन प्रकार दिसतात. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी जनरल, ऑरगॅनिक आणि बायोकेमिस्ट्री एकत्र शिकवणारा एक विषय असतो. ऑरगॅनिकची एका सेमिस्टरमध्ये तोंडओळख करून देणारा दुसरा असतो. आणि सायन्स मेजरच्या मुलांसाठीचा दोन सेमिस्टरचा पूर्ण क्रम असतो. फार्मसी कॉलेजांना सहसा हा तिसरा प्रकारच चालतो. बायॉलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजीचेही तसेच आहे. नाव सारखे वाटले तरी विषयाचा क्रमांक, प्रयोगशाळेचे क्रेडिट आणि ‘सायन्स मेजरसाठी’ हा उल्लेख पाहूनच नोंदणी करावी. शंका असल्यास ज्या फार्मसी कॉलेजात जायचे आहे त्याच्या प्रवेश कार्यालयाला विषयाचा आराखडा ईमेलने पाठवून लेखी उत्तर घ्यावे. आपल्या कॉलेजच्या ॲडव्हायझरचे तोंडी आश्वासन पुरेसे नसते, कारण अंतिम निर्णय त्यांचा नसतो.

हे विषय पाट्या टाकल्यासारखे उरकण्याचे नाहीत, हे मला मुलांना वारंवार सांगावे लागते. कॅल्क्युलसचेच उदाहरण घ्या. व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक आम्ही रोज वापरतो. एम.आर.एस.ए. या अनेक प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूच्या गंभीर संसर्गात त्याची मात्रा कशी ठरवावी याबद्दलच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी, पुढच्या डोसच्या आधीची रक्तातील पातळी पाहण्याची जुनी पद्धत बाजूला सारली आणि चोवीस तासांतील पातळीच्या वक्राखालचे क्षेत्रफळ ४०० ते ६०० च्या दरम्यान ठेवण्यास सांगितले. वक्राखालचे क्षेत्रफळ म्हणजे कॅल्क्युलसमधले इंटिग्रल. समजा रुग्णाच्या रक्तातील पातळी लिटरला ३० मिलिग्रॅमवरून १५ वर यायला आठ तास लागले, तर औषधाचा अर्धायुकाल आठ तास आणि निष्कासनाचा दर ताशी सुमारे ०.०८७ इतका येतो. यावरून क्षेत्रफळ काढायचे आणि पुढचा डोस किती व किती तासांनी द्यायचा ते ठरवायचे. हिशेब संगणक करतो. पण रक्ताचा नमुना चुकीच्या वेळी घेतला गेला असेल आणि आकडा पटण्यासारखा नसेल, तर ते ज्याला तो वक्र डोळ्यांसमोर दिसतो त्यालाच लक्षात येते. मूत्रपिंड कमकुवत असलेल्या माणसाच्या बाबतीत ही चूक महागात पडते.

ऑरगॅनिक केमिस्ट्रीबद्दलही मुले विचारतात की याचा दुकानात काउंटरवर काय उपयोग. रक्तदाबाची दोन औषधे पाहा, एनालाप्रिल आणि लिसिनोप्रिल. एनालाप्रिल हे एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेले संयुग) आहे. शरीरात, मुख्यतः यकृतात, तो एस्टर तुटून एनालाप्रिलॅट तयार होते आणि ते खरे काम करते. लिसिनोप्रिलला अशा रूपांतराची गरज नसते. रेणूचे चित्र वाचता येणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक पाठ करावा लागत नाही, तो दिसतो. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या रुग्णाला सेफॅलोस्पोरिन या प्रतिजैविकांच्या गटातले कोणते औषध द्यावे हा प्रश्नही मोठ्या प्रमाणात रेणूच्या बाजूच्या साखळ्या एकमेकींशी किती जुळतात यावर सुटतो. संख्याशास्त्र आणि भाषणकला हे विषय मुले सर्वांत हलके समजतात, आणि मला ते पटत नाही. एखादा आजार शंभरांत दोघांना होत होता तो औषधाने एकाला होऊ लागला, तर जाहिरातीत धोका निम्म्याने घटला असे छापतात. डॉक्टरांना आणि रुग्णाला खरा फायदा समजावून सांगण्याचे काम फार्मासिस्टचे असते, आणि तिथे आकड्याची समज व बोलण्याची तयारी दोन्ही लागतात.

आता गुणांविषयी. फार्मसीचे अर्ज बहुतांशी फार्मकॅस या एकत्रित व्यवस्थेतून जातात आणि तिथे जी.पी.ए. नव्याने मोजला जातो. आपल्या कॉलेजने पुन्हा दिलेल्या विषयाचा जुना ग्रेड पुसून टाकला असला, तरी फार्मकॅस दोन्ही ग्रेड धरते. ऑरगॅनिकमध्ये आधी डी आणि नंतर बी मिळाला, तर त्या विषयाची सरासरी सी एवढीच राहते. त्यामुळे पहिल्या सेमिस्टरला चार विज्ञान विषय घेऊन धडाडी दाखवण्यापेक्षा प्रयोगशाळेचे दोनच विषय घेऊन ते उत्तम करावेत. बहुतेक कॉलेजे प्रीरिक्विझिटमध्ये सी किंवा त्याहून वरचा ग्रेड मागतात आणि सी-मायनस अनेक ठिकाणी चालत नाही. पी-कॅट ही प्रवेश परीक्षा जानेवारी २०२४ नंतर कायमची बंद झाल्यामुळे, कमी ग्रेडची भरपाई करण्याचे एक साधनही गेले आहे. गेल्या दशकभरात अर्जदारांची संख्या घटल्यामुळे प्रवेश मिळणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे हे खरे. पण प्रवेश मिळणे आणि अभ्यासक्रम पेलणे यांत अंतर आहे, आणि प्रीरिक्विझिट कशीबशी पार केलेली मुले फार्म.डी.च्या पहिल्या वर्षीच अडखळतात.

हायस्कूलमध्ये ए.पी. (कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षा दिल्या असतील तर त्यांचे क्रेडिट काही फार्मसी कॉलेजे घेतात, काही केवळ मानव्य विषयांत घेतात, आणि काही त्याऐवजी त्याच शाखेतला वरचा विषय करायला सांगतात. ए.पी. केमिस्ट्रीत पाच म्हणजे सर्वोच्च गुण असले तरी जनरल केमिस्ट्री कॉलेजात पुन्हा घ्यावी, असे माझे मत आहे. पुढची सगळी साखळी तिच्यावर उभी आहे. ए.पी. क्रेडिट इंग्रजी, मानसशास्त्र, इतिहास यांसाठी वापरावे आणि मोकळा झालेला वेळ ऑरगॅनिकला द्यावा. कम्युनिटी कॉलेजबद्दल (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजबद्दल) अनेक मराठी घरांत कमीपणाची भावना दिसते, तिला आधार नाही. तिथे घेतलेले प्रीरिक्विझिट बहुतेक फार्मसी कॉलेजांना चालतात आणि खर्च कितीतरी कमी येतो. मात्र काही चुरशीच्या कॉलेजांना वरचे विज्ञान विषय चार वर्षांच्या कॉलेजातले हवे असतात, तेवढे आधी पाहून घ्यावे. विषय किती वर्षांपूर्वी केला आहे तेही पाहावे, कारण काही कॉलेजे पाच, सात किंवा दहा वर्षांपूर्वी केलेले विज्ञान विषय ग्राह्य धरत नाहीत.

सहा वर्षांच्या थेट अभ्यासक्रमाचा प्रश्न आपल्याला विशेष लागू आहे, कारण न्यू जर्सीत रट्गर्स आणि जवळच न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात सेंट जॉन्स या विद्यापीठांत तो उपलब्ध आहे. यात मेजर निवडण्याचा प्रश्नच उरत नाही. विषय, त्यांचा क्रम आणि जागा सगळे ठरलेले असते. मुलीचा निश्चय पक्का असेल, तिने एखाद्या फार्मसीत किंवा रुग्णालयात थोडे काम करून तो तपासून पाहिला असेल, तर हा सर्वांत सुटसुटीत मार्ग आहे, आणि रट्गर्ससारख्या सरकारी विद्यापीठात राज्याच्या रहिवाशांना फी कमी पडते. पण प्रवेश घेण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. दुसऱ्या वर्षाअखेर पुढे जाण्यासाठी किती जी.पी.ए. टिकवावा लागतो, आणि तो न टिकल्यास किंवा मुलीचे मन बदलल्यास तिला त्याच विद्यापीठात कोणत्या मेजरमध्ये जाता येते? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोघम मिळाले, तर मी चार वर्षांच्या पदवीचा मार्ग सुचवेन. कॅलिफोर्नियात यू.सी.एस.एफ. (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, सॅन फ्रान्सिस्को) आणि युनिव्हर्सिटी ऑफ द पॅसिफिक इथे फार्म.डी. उन्हाळी सुट्टी न घेता तीन वर्षांत होते, तेव्हा चार वर्षांची पदवी आधी केल्यानेही एकूण काळ फार वाढतोच असे नाही.

कर्जाचा विचार आता पूर्वीपेक्षा लवकर करावा लागेल. २०२५ च्या कायद्यानुसार जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचे सरकारी कर्ज बंद होत आहे, आणि फार्म.डी.सारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी केंद्र सरकारचे कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंत मर्यादित राहणार आहे. खासगी फार्मसी कॉलेजची फी आणि राहण्याचा खर्च मिळून वर्षाची मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात किंवा राज्याच्या विद्यापीठात कमी खर्चात काढणे हा मला आज सर्वांत शहाणपणाचा बेत वाटतो. अर्जाची प्रक्रिया प्रवेशाच्या आदल्या वर्षी उन्हाळ्यात सुरू होते. त्या वेळी काही प्रीरिक्विझिट बाकी असले तरी चालतात, मात्र ते कधी व कुठे पूर्ण होणार हे दाखवावे लागते.

भाचीच्या बाबतीत परिस्थिती अगदी वेगळी आहे. परदेशी फार्मसी पदवीधरांना अमेरिकेत एफ.पी.जी.ई.ई. ही परीक्षा द्यावी लागते, आणि १ जानेवारी २००३ पासून पुढे पदवी मिळालेल्यांसाठी तिला बसण्याची अट किमान पाच वर्षांच्या फार्मसी अभ्यासक्रमाची आहे. चार वर्षांची बी.फार्म. त्यात बसत नाही, आणि वर एम.फार्म. केल्यानेही ही उणीव भरून निघत नाही. भारतात २००८ पासून सुरू झालेली सहा वर्षांची फार्म.डी. मात्र या अटीत बसते. म्हणजे हातात फक्त बी.फार्म. असलेल्या भाचीला इथे फार्मासिस्ट व्हायचे असेल तर अमेरिकेतली फार्म.डी. करणे हा मुख्य मार्ग आहे. तिच्या विज्ञान विषयांपैकी बरेचसे प्रीरिक्विझिट म्हणून धरले जाण्याची शक्यता असते, पण इंग्रजी लेखन, भाषणकला आणि सामाजिक विषय बहुधा इथे येऊन करावे लागतात. कोलोरॅडो विद्यापीठ आणि फ्लोरिडातील नोव्हा साउथईस्टर्न यांनी परदेशी फार्मसी पदवीधरांसाठी वेगळे प्रवेशमार्ग ठेवले आहेत, ते तिने सर्वांत आधी पाहावेत. नाशिक सोडण्यापूर्वी चारही वर्षांच्या गुणपत्रिका, विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट आणि प्रत्येक विषयाचा तासांसह छापील अभ्यासक्रम कॉलेजच्या सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवावा. मूल्यमापनाच्या वेळी प्रयोगशाळेचे तास सिद्ध करायला तोच लागतो आणि इथून तो मागवताना महिनोन् महिने जातात.